टोचणारी लोकर : एका स्वेटरच्या निमित्ताने

घोंगडी अंथरायची, पांघरायची, पावसात खोळ करून डोक्यावरून घ्यायची. अंगात मात्र घालायची नाही, हे आमच्या घरात कोणी कोणाला शिकवीत नाही. ते आपोआप कळते. आमचे घर सनगरांचे. माण तालुक्यात धनगरांच्या मेंढरांची काळी लोकर घ्यायची, पिंजायची, आजीने आणि चुलतीने चरख्यावर कातायची आणि वडिलांनी खड्ड्याच्या मागावर विणायची, असा आमचा पिढीजात धंदा. आता घोंगडीला पूर्वीसारखे गिऱ्हाईक राहिलेले नाही. लोकरीला येणाऱ्या पैशापेक्षा कातरणीची मजुरीच जास्त पडते म्हणून पुष्कळ धनगर लोकर रानातच टाकून देतात. माझी वहिनी लग्न होऊन आली ती दोन सुयांचे विणकाम शिकून आली. आजीचे सूत पाहून ती म्हणाली, "ह्याचे स्वेटर का नाही करायचे? थंडी काय फक्त घोंगडीतच जाते?" प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले. गृहविज्ञानाच्या बाईंनी मार्ग दाखवला नसता, तर हा लेख झालाच नसता. तरी काही चुकले असेल तर प्राध्यापक वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पहिला स्वेटर वहिनीने माझ्या धाकट्या भावासाठी विणला. पंधरा दिवसांचे काम. त्याने तो घातला, पाच मिनिटांत काढला आणि म्हणाला, "ताई, अंगात कुसळं भरल्यासारखं होतंय." आजी हसली. "आरं, लोकर हाय ती, रेशीम न्हवं." पण वहिनीचा चेहरा उतरला. स्वेटर मऊ व्हावा म्हणून तिने तो धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात टाकला, दगडावर चांगला चोळला आणि थंड पाण्यात खळबळला. बाहेर निघाला तो बाहुलीच्या मापाचा आणि नमद्यासारखा घट्ट. तो अजून आमच्या देवळीत आहे. आजी त्यावर तापलेला तवा ठेवते.

या एका फजितीत लोकरीचे निम्मे शास्त्र आहे. लोकर म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. आपले केस आणि नखे ज्याची झाली आहेत तेच. तिच्या तंतूवर माशाच्या अंगासारखे खवले असतात आणि त्या सर्वांची तोंडे टोकाच्या दिशेने असतात. कोमट, साबणाच्या पाण्यात तंतू ओले होऊन चोळले गेले की ते एका दिशेने सहज सरकतात, उलट दिशेने मात्र खवले अडतात. म्हणजे प्रत्येक चोळण्यासरशी तंतू एकमेकांत पुढे घुसतो, मागे येत नाही. त्यात सोड्यासारखा क्षार मिळाला की तंतू फुगतो, खवले उभे राहतात आणि क्षार जास्त झाला तर तंतूच कमजोर होतो. घोंगडी दाट होण्यासाठी हीच क्रिया थोडी हवी असते. म्हणून आमच्याकडे घोंगडी भिजवून पायाने तुडवण्याची रीत होती. स्वेटरला ती नको. तेव्हा पहिला धडा असा, की लोकर मऊ करणे म्हणजे तिला जास्त धुणे नव्हे.

मग ती टोचते का? आम्हा सर्वांची समजूत अशी होती, की लोकरीत तेलकटपणा आणि घाण असते म्हणून ती बोचते. ती काढली की झाले. ही समजूत अर्धीच खरी आहे. मेरिनो मेंढीच्या लोकरीत मेण पुष्कळ असते; आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीत ते त्या मानाने कमी. तिच्यात माती आणि वाळलेला घाम जास्त. ती धुऊन काढल्यावर सूत हलके आणि मोकळे होते, हाताला फरक लगेच जाणवतो. पण भावाच्या मानेला फरक जाणवला नाही. कारण टोचते ते तंतूचे टोक आणि टोकाचा जोर ठरतो तो तंतूच्या जाडीवर.

अंगणात दोन झाडण्या असतात. केरसुणीने बाळाच्या अंगावरची पावडर झटकली तरी ते हसेल. खराट्याने तसे करून कोणी पाहणार नाही. खराटा वाईट नाही, त्याची काडी जाड आहे एवढेच. आणि झिजून आखूड झालेला खराटा नव्यापेक्षा जास्त बोचतो, हे झाडणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. लोकरीचेही तसेच. कापडातून बाहेर आलेले तंतूचे टोक कातडीवर टेकते. ते वाकले तर गुदगुली, न वाकले तर टोचणी. ते वाकवायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. समजा, एक तंतू 20 मायक्रॉनचा आणि दुसरा 40 मायक्रॉनचा आहे. जाडी दुप्पट, पण ताठपणा दोनाचा चौथा घात, म्हणजे 16 पट! उलट, बाहेर आलेले टोक दुप्पट लांब असेल, तर लागणारा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. गणिताशी माझे कधी जमले नाही; पण हे एवढे गणित समजल्यावर आमच्या घरातल्या सगळ्या लोकरीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 1980च्या दशकात या टोचणीचा पद्धतशीर अभ्यास केला. सुमारे 30 मायक्रॉनपेक्षा जाड तंतू शेकडा पाचांहून अधिक असले, की बहुतेकांना कापड बोचू लागते, असा ढोबळ आडाखा त्यातून निघाला. ही टोचणी सहसा अंगावर पित्त उठण्यासारखी वावडे नसते. कातडीतल्या वेदनेच्या मज्जातंतूंवर पडणारा तो दाब असतो. घाम आला, अंग तापले की कातडी मऊ पडते आणि टोचणी वाढते. आणखी एक गंमत अशी, की बोटांना ती कळत नाही. बोटांची कातडी जाड असते. दुकानात बोटांनी चाचपून "मऊ आहे हो" म्हणत घेतलेला स्वेटर घरी मानेला चावतो, त्याचे कारण हे. सूत पाहायचे असेल तर मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला किंवा मानेला लावून पाहावे.

आता मेरिनोची लोकर साधारण 17 ते 24 मायक्रॉनची. दख्खनी मेंढीची यापेक्षा फार जाड आणि त्यात कित्येक तंतू आतून पोकळ गाभ्याचे, केसासारखे ताठ. शिवाय वर्षातून दोनदा कातरणी होते, म्हणून तंतू आखूड. आखूड म्हणजे एका वावभर सुतात टोके जास्त. ही लोकर बोचली नाही तरच नवल. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती म्हणजे हा काही त्या मेंढीचा दोष नव्हे. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे, काट्याकुट्यांतून रोज मैलोन्‌मैल चालायचे, हे तिचे आयुष्य. अशा ताठ लोकरीच्या दाट घोंगडीवरून पावसाचे पाणी ओघळून जाते. मेरिनोची शाल त्या पावसात भिजून गोळा होईल. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीचा मेरिनो व राम्बुले जातींशी संकर करून लोकर सुधारण्याचे प्रयत्न झाले. पण धनगराचे पोट मटणावर आणि मेंढीच्या चालण्यावर. लोकर मऊ होऊन मेंढी माळावर बसून राहिली तर त्याला काय उपयोग? असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर सांगण्याचा मुद्दा असा, की जाडी आपण कमी करू शकत नाही. कोणत्याही साबणाने, शिरक्याने, तेलाने 40चा तंतू 20चा होत नाही. गिरण्यांमध्ये क्लोरीनच्या प्रक्रियेने खवले झिजवून वर राळेचा पातळ थर देतात. त्याने लोकर आटत नाही, गुळगुळीतही होते. पण ते कारखान्याचे काम. हे वाचून कोणी घरी ब्लीचिंग पावडरचे पाणी करून पाहू नये. त्यात लोकर अक्षरशः विरघळते. घरी करण्यासारखे जे आहे ते तीन ठिकाणी आहे : लोकर निवडताना, कातताना आणि धुताना. आम्ही आधी धुण्याच्या मागे लागलो. खरे म्हणजे ते शेवटचे.

निवडण्यापासून सांगते. भाऊ म्हणाला होता की कुसळे भरल्यासारखे होते. तो अगदी बरोबर होता. त्यात खरोखर कुसळे होती! माळावरचे कुसळी गवत वाळले, की त्याची अणकुचीदार बीजे मेंढीच्या अंगात शिरतात. कुसळाच्या टोकाला उलटे केस असतात आणि त्याचे शेपूट ओले-कोरडे होताना पिळते व उलगडते, म्हणून ते आत आत घुसत जाते. तशीच लोकर पिंजली की कुसळाचे बारीक तुकडे होतात आणि सगळ्या लोकरीत पसरतात. सूत झाल्यावर ते काढणे अशक्य. परदेशी गिरण्या असला काडीकचरा गंधकाम्लाने जाळून काढतात; आपण ते पिंजण्याआधी हाताने वेचायचे. आजी, मी आणि वहिनी तीन दुपारी अंगणात बसून वेचत होतो. त्या वेचण्यातच आजीने मला दाखवले, की एकाच मेंढीच्या अंगावर चार प्रकारची लोकर असते. खांद्याची व मानेची बारीक, पाठीची मध्यम. मांडीची आणि शेपटीजवळची राठ. घोंगडीत सगळी एकत्र जाते. शेटलंड बेटांवर बायका अंगठीतून ओढून काढता येतील अशा तलम शाली विणीत, त्याही मेंढीच्या मानेजवळची सर्वांत बारीक लोकर वेगळी काढून. आमची आजी माण तालुक्याबाहेर फारशी गेलेली नाही. पण "गळ्याची येगळी ठेव, ती ग्वाड आसती" हे तिला ठाऊक होते.

याहून मोलाचे म्हणजे जावळ. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर ती जावळ. जावळाचे घोंगडे आमच्याकडे नेहमीच मानाचे आणि महागाचे. ती बारीक असते हे तर आहेच. पण तिला आधी कातरी लागलेली नसते, म्हणून तंतूचे एक टोक जन्मतः निमुळते असते. पुढच्या प्रत्येक कातरणीच्या लोकरीला दोन्ही टोके तोडलेली, खुंटासारखी. वर सांगितलेले गणित आठवावे. निमुळते टोक वाकते, खुंट वाकत नाही.

कातण्याबद्दल आजीशी माझे थोडे भांडण झाले. घोंगडीचे सूत ती कडक पिळाचे कातते, कारण ताण्याचे सूत मागावर ताण सोसते. तरी त्याला वरून चिंचोक्याची खळ लावावी लागतेच. (बाजारातून मागावरचे उरलेले सूत कोणी विणायला घेत असेल, तर त्याला खळ आहे का ते आधी पाहावे. असल्यास ती कोमट पाण्यात भिजवून काढावी. नाहीतर खळीचा कडकपणा लोकरीच्या माथी बसतो.) विणकामाच्या सुताला इतका पीळ नको. पीळ सैल ठेवला की तंतूंना हलायला जागा राहते. पण एकेरी सैल सूत तुटते, म्हणून दोन धागे एकत्र करून उलट दिशेने हलका पीळ द्यायचा. दुपदरी सूत गोल होते, टिकते आणि एकमेकांचा पीळ थोडा सोडवते. आजीला हे पटवायला आठवडा गेला. "पीळ न्हाई ते सूत कसलं?" हे तिचे म्हणणे, आणि घोंगडीपुरते ते खरेच आहे.

विणताना सुया जाड घ्याव्यात. वहिनीने पहिला स्वेटर 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुयांनी घट्ट विणला होता. दुसऱ्या वेळी तिने 6 नंबरच्या, 5 मिलिमीटरच्या घेतल्या. (सुयांचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे नवशिक्यांनी विसरू नये.) घट्ट विणीत तंतू जखडले जातात आणि त्यांची टोके आखूड व ताठ होऊन बाहेर येतात, सैल विणीत ती आडवी पडतात.

आता धुणे. आमच्या विहिरीचे पाणी जड. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट पांढरा साका होतो आणि तो लोकरीत बसला की ती आणखी ताठ होते. रिठ्याला ही अडचण नाही. त्याचा फेस जड पाण्यातही येतो आणि सोड्यासारखा क्षार त्यात नसतो. लोकर व रेशीम रिठ्याने धुण्याची जुनी रीत उगाच पडलेली नाही. रिठ्याची साले रात्री भिजत घालून सकाळी उकळावीत व पाणी गाळून घ्यावे. सुताची लडी चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधावी, नाहीतर गुंता होतो. आधी ती नुसत्या कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवावी; निम्मी माती तेथेच खाली बसते. मग रिठ्याच्या पाण्यात अर्धा तास. पाणी हाताला जेमतेम सोसेल एवढे गरम हवे, कारण लोकरीचे मेण साधारण 40 अंशांच्या आसपास वितळते; त्याहून थंड पाण्यात ते निघत नाही. दाबावे, चोळू नये. दुसरे पाणी पहिल्याच्याच उष्णतेचे घ्यावे. गरमातून एकदम गारात टाकू नये. वहिनीचा स्वेटर चोळण्याने आटला तसा या झटक्यानेही आटला.

शेवटच्या पाण्यात बादलीला दोन चमचे व्हिनेगर किंवा गाळलेला लिंबाचा रस घालावा. याने उरलासुरला क्षार मरतो. लोकर किंचित आंबट पाण्यात सर्वांत स्वस्थ असते. खवले मिटतात आणि तंतू एकमेकांवरून सहज घसरतात. त्यानंतर पाहिजे तर केसांना लावायचे कंडिशनर थोडे कोमट पाण्यात मिसळून त्यात लडी पंधरा मिनिटे ठेवावी. ओल्या लोकरीवर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधील मुख्य द्रव्याचे रेणू धन भाराचे. ते लोकरीला चिकटतात आणि त्यांची चरबीसारखी शेपटी बाहेर राहते. म्हणून गुळगुळीत लागते. हे दोनचार धुण्यांत निघून जाते, पुन्हा करावे लागते. लडी पिळू नये. पंचात गुंडाळून दाबावी, दोन हातांत धरून चारदोन झटके द्यावेत आणि सावलीत वाळवावी. वजन लावून वाळवल्यास सूत ताणले जाऊन पातळ व कडक होते. तेही आम्ही करून पाहिले.

विणण्याआधी दहा सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून, मापून, धुऊन पुन्हा मापावा. धुतल्यावर सूत फुलते, विणीतली भोके भरून येतात आणि माप थोडे बदलते. संपूर्ण स्वेटर विणल्यावर ते कळण्यापेक्षा हे बरे.

असे चार नमुने करून मी वसतिगृहात आणले. एक जसेच्या तसे सूत. दुसरे फक्त रिठ्याने धुतलेले. तिसरे रिठा, व्हिनेगर आणि कंडिशनर केलेले. चौथे गळ्याच्या व जावळाच्या लोकरीचे, कुसळे वेचून, सैल दुपदरी कातून मग तसेच धुतलेले. मैत्रिणींना डोळे मिटायला लावून हाताच्या आतल्या बाजूला आणि मानेला एकेक लावला. पहिला सगळ्यांनी ओळखला, एकीने तर "ई" केले. दुसरा आणि तिसरा हाताला वेगळे लागले. पण मानेला लावल्यावर त्यांतला फरक सांगताना बहुतेकींचा गोंधळ झाला. चौथा लावल्यावर एकजण म्हणाली, "हा कुठल्या दुकानातला?" मला मिळालेले हे सर्वांत मोठे पारितोषिक. तरी खरे सांगायचे तर चौथासुद्धा तासभर मानेला ठेवल्यावर थोडा बोचतो. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना तो उघड्या अंगावर चालणार नाही.

हे मान्य केल्यावर पुढचे काम सोपे झाले. आइसलंडचे लोकरीचे जाड स्वेटर जगभर विकले जातात आणि तेही पुष्कळांना बोचतात. म्हणून ते आत दुसरा कपडा घालून वापरतात. मग आपण उघड्या अंगावर घालायचा स्वेटर करण्याचा हट्ट का धरावा? वहिनीने दुसऱ्या वेळी समोर बटणांची, बिनबाह्यांची बंडी विणली. मऊ सूत फक्त गळ्याला आणि काखेच्या काठांना वापरले; उरलेल्या भागाला धुतलेले साधे सूत. गळ्याच्या आतून जुन्या धोतराच्या मऊ सुती कापडाची पट्टी शिवली. भाऊ ती गणवेशाच्या सदऱ्यावर घालतो. घालून शाळेत जातो, हे महत्त्वाचे; कारण पहाटेच्या एस.टी.त खिडकीला काच नसते.

हिशोब मात्र अजून जमलेला नाही. तीन दुपारी कुसळे वेचण्याची मजुरी धरली तर बंडीची किंमत बाजारातल्या अॅक्रिलिकच्या स्वेटरच्या पुढे जाते. आणि अॅक्रिलिक टोचत नाही, धुवायला सोपे, ओल्याने आटतही नाही. वडील हे बोलून दाखवतात आणि आमच्याजवळ उत्तर नसते. कोकराची पहिली कातरणी धनगर वेगळी बांधून देतील का, त्यासाठी त्यांना चार पैसे जास्त देता येतील का, हे विचारायला वडील दिवाळीआधी दोन वाड्यांवर जाऊन आले. एकजण हो म्हणाला. त्याच्याकडून आलेल्या जावळाची आजीने वेगळी थैली बांधली आहे. घोंगडीच्या लोकरीत ती चुकून जाऊ नये म्हणून थैलीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत 'गळा' असे तिने माझ्याकडून लिहून घेतले.